पार्सलची तलफ आणि रोजचा सकस आहार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या पानावर ‘पार्सल’ हा शब्द दुकानातून बांधून आणलेल्या आणि घरपोच मागवलेल्या, अशा दोन्ही प्रकारच्या अन्नासाठी वापरला आहे. ‘तलफ’ हा शब्द आपण एरवी चहा-तंबाखूसाठी राखून ठेवतो. एखादा विशिष्ट पदार्थ आत्ताच्या आत्ता हवासा वाटणे, या अर्थाने तो खाण्यालाही चपखल बसतो, म्हणून येथे तोच घेतला आहे.

भूक लागली आहे की तलफ आली आहे, हे कसे ओळखावे?

भूक हळूहळू वाढते आणि पदार्थाच्या बाबतीत फारशी चोखंदळ नसते. तलफ मात्र अचानक येते आणि येताना पदार्थाचे नाव घेऊनच येते. आत्ता समोर साधे, ताजे, पोटभर जेवण वाढले तर आपण ते आवडीने खाऊ का, असे स्वतःला विचारावे. उत्तर ‘हो’ असेल तर ती भूक आहे, आणि ‘ते नको, मला तेच हवे’ असे असेल तर ती तलफ आहे.

अडचण अशी की या दोन्ही गोष्टी बऱ्याचदा हातात हात घालून येतात. दुपारी अर्धपोटी राहिलेल्या माणसाला संध्याकाळी सात वाजता पिझ्झा आठवतो तेव्हा त्याची भूक खरीच असते, फक्त पदार्थाची निवड तलफेने केलेली असते. अशा वेळी आधी घरात जे असेल ते थोडे खाऊन घ्यावे आणि मग मागवायचे की नाही ते ठरवावे. रिकाम्या पोटी मागवलेले अन्न गरजेपेक्षा जास्तच असते, हे बिल पाहून कोणाच्याही लक्षात येईल.

दिवसभर नीट खाऊनही नेमकी रात्रीच तलफ का येते?

याची कारणे एकाहून अधिक आहेत, आणि त्यांतले पहिले बहुतेकांना पटत नाही : ज्याला आपण ‘दिवसभर नीट खाणे’ म्हणतो ते अनेकदा ‘दिवसभर कमी खाणे’ असते. सकाळी घाईत काहीतरी, दुपारी मोजून-मापून सॅलड, आणि या संयमाचे मनातल्या मनात कौतुक. शरीर मात्र त्याचा हिशेब संध्याकाळी मांडते. अन्सेल कीज यांनी १९४४-४५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात ३६ निरोगी तरुणांना सुमारे सहा महिने निम्म्याच्या आसपास आहारावर ठेवले होते. त्या काळात ते तरुण सतत अन्नाचाच विचार करू लागले, पाककृतींची पुस्तके वाचू लागले आणि अन्नाची स्वप्ने पाहू लागले. ते आपणहून पुढे आलेले, निर्धाराचे लोक होते. तुमचे दोन दिवसांचे डाएट त्या प्रयोगाइतके कडक नक्कीच नाही, पण उपाशी शरीर मनाला अन्नाकडे वळवते हे तत्त्व दोन्हीकडे सारखेच आहे.

दुसरे कारण झोप. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १२ तरुणांना दोन रात्री केवळ चार तास झोपू दिले. दहा तास झोपेच्या तुलनेत त्यांच्या रक्तातील भूक वाढवणारे घ्रेलिन हे संप्रेरक २८ टक्क्यांनी वाढले, तृप्तीची सूचना देणारे लेप्टिन १८ टक्क्यांनी घटले, आणि गोड, खारट व पिष्टमय पदार्थांची ओढ विशेष वाढली. अभ्यास छोटा होता, तरी जागरणानंतरच्या दिवशी उकडलेल्या भाज्या कोणालाही आठवत नाहीत, हा अनुभव सार्वत्रिक आहे.

तिसरे कारण सवयीचे आहे. कामावरून थकून येणे, सोफ्यावर बसणे, फोन हातात घेणे आणि मागवणे ही साखळी शंभर वेळा घडली असेल, तर एकशे एकाव्या वेळी केवळ सोफ्यावर बसणेही पुरेसे होते. अन्न दिसण्याआधीच मेंदू त्याच्या तयारीला लागतो. रात्रीचे निर्णय थकलेल्या मनाने घेतलेले असतात, हेही त्यात भर घालते. म्हणूनच रात्रीच्या तलफेचा बंदोबस्त रात्री करायला घेऊ नये, तो दुपारच्या जेवणात करावा.

विशिष्ट पदार्थाची तलफ म्हणजे शरीरात काही घटक कमी पडला आहे, असे समजावे का?

हा समज फार पसरलेला आहे आणि बहुतांशी चुकीचा आहे. चॉकलेट हवेसे वाटणे म्हणजे मॅग्नेशियमची कमतरता, असे सांगितले जाते. तसे असते तर मॅग्नेशियम भरपूर असलेल्या पालेभाज्यांची आणि बियांचीही तलफ आली असती. मिचनर आणि रोझिन यांनी १९९४ मध्ये चॉकलेटची तलफ आलेल्या लोकांना कोकोच्या कॅप्सूल दिल्या, तेव्हा घटक पोटात जाऊनही तलफ शमली नाही. तोंडात विरघळणारा गोड, स्निग्ध अनुभव हीच खरी मागणी होती.

याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. बर्फ, माती किंवा खडू यांसारख्या अन्न नसलेल्या वस्तू सतत खाव्याशा वाटत असतील, तर त्यामागे लोहाची कमतरता असू शकते आणि रक्ततपासणी करून घेणे आवश्यक आहे.

पार्सलच्या अन्नात असे काय असते की घरचे जेवण त्यापुढे फिके वाटावे?

मीठ, साखर, तेल आणि मऊपणा यांचे नेमके जमवलेले मिश्रण असते. एक ग्रॅम चरबीतून ९ किलोकॅलरी मिळतात, तर प्रथिने किंवा कर्बोदकांच्या एका ग्रॅममधून ४. त्यामुळे तळलेल्या आणि चीजने माखलेल्या पदार्थांच्या थोड्याशा घासांत मोठी ऊर्जा सामावते. शिवाय हे पदार्थ फारसे चावावे लागत नाहीत, भराभर खाल्ले जातात, आणि पोट भरल्याची सूचना मेंदूपर्यंत पोहोचेपर्यंत डबा रिकामा झालेला असतो.

केविन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केलेला, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग या संदर्भात मुद्दाम सांगण्यासारखा आहे. त्यांनी २० प्रौढांना संस्थेतच मुक्कामी ठेवले आणि दोन आठवडे अतिप्रक्रियायुक्त, म्हणजे कारखान्यात बरीच प्रक्रिया करून तयार केलेले, अन्न व दोन आठवडे फारशी प्रक्रिया न केलेले अन्न दिले. समोर ठेवलेल्या दोन्ही प्रकारच्या जेवणांत कॅलरी, साखर, चरबी, तंतू आणि मीठ यांचे प्रमाण जुळवलेले होते, आणि हवे तेवढे खाण्याची मुभा होती. अतिप्रक्रियायुक्त अन्नाच्या काळात ही मंडळी दिवसाला सरासरी ५०० किलोकॅलरी जास्त खात होती. त्या दोन आठवड्यांत त्यांचे वजन सुमारे ०.९ किलोने वाढले, तर दुसऱ्या दोन आठवड्यांत जवळपास तेवढेच कमी झाले. अतिप्रक्रियायुक्त अन्न आणि पार्सल या दोन गोष्टी एकच नव्हेत, कारण चांगल्या स्वयंपाकघरातून आलेले पार्सल साधे आणि ताजेही असू शकते. पण ज्या पार्सलची तलफ येते ते सहसा पहिल्या जातीचे असते, हे आपण सगळेच जाणतो.

माझी इच्छाशक्तीच कमी आहे का?

असे समजण्याचे काही कारण नाही. ज्यांना आपण ‘फार संयमी’ समजतो त्यांतल्या अनेकांनी स्वतःला मोहात पडण्याचे प्रसंगच कमी येऊ दिलेले असतात. त्यांच्या फोनमध्ये मागवण्याचे ॲप नसते, त्यांच्या फ्रीजमध्ये खाण्याजोगे काहीतरी तयार असते, आणि भूक लागून कोलमडण्याआधी ते जेवलेले असतात.

सध्या पार्सल मागवायला तीन वेळा बोट टेकवावे लागते, आणि घरी जेवायला मात्र भाजी चिरण्यापासून सुरुवात करावी लागते. या शर्यतीत चारित्र्याचा प्रश्नच येत नाही, अंतरच विषम आहे. तेव्हा ते अंतर बदलावे. ॲप काढून टाकावे किंवा किमान त्यात साठवलेला कार्डचा तपशील पुसावा, सवलतींच्या सूचना बंद कराव्यात, आणि दुसऱ्या बाजूला दहा मिनिटांत ताटात येईल असे अन्न घरात कायम ठेवावे : शिजवून फ्रीजमध्ये ठेवलेली कडधान्ये, उकडलेली अंडी, धुऊन चिरलेल्या भाज्या, दही, फळे, फ्रीझरमध्ये वाट्या-वाट्यांनी गोठवलेले एखादे आवडते कालवण. हे सर्व कंटाळवाणे वाटते हे खरे. पण या पानावरचा एकच सल्ला पाळायचा असेल तर तो हा पाळावा, असे मी म्हणेन.

तलफ आलीच, तर त्या क्षणी काय करावे?

प्रथम, ती दाबण्याचा प्रयत्न करू नये. ‘पिझ्झाचा विचार करायचा नाही’ असे ठरवणे म्हणजे पिझ्झाचाच विचार करणे होय. डॅनियल वेग्नर यांनी १९८७ मध्ये लोकांना पांढऱ्या अस्वलाचा विचार न करण्यास सांगितले, आणि ते अस्वल त्यांच्या मनात पुनःपुन्हा डोकावत राहिले. त्यापेक्षा ‘मला आत्ता तलफ आली आहे’ एवढे मान्य करावे आणि ती कोठे जाणवते, वाढते आहे की ओसरते आहे, हे तटस्थपणे पाहावे. व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात काम करणारे मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लाट यांनी याला लाटेवर स्वार होण्याची उपमा दिली होती. लाट चढते, शिखर गाठते आणि उतरते. आपण तिला खतपाणी घातले नाही तर ती फार वेळ टिकत नाही.

खतपाणी म्हणजे काय, तर चित्र. तलफ मुख्यतः कल्पनाचित्रांवर पोसली जाते : वितळलेले चीज, कुरकुरीत कड, गरम वास. म्हणून मनाचा तोच पडदा दुसऱ्या कामासाठी व्यापला की तलफ कमजोर पडते. टेट्रिस हा ठोकळे जुळवण्याचा खेळ केवळ तीन मिनिटे खेळल्याने तलफेची तीव्रता कमी झाल्याचे प्रयोगांत दिसले आहे, आणि पंधरा मिनिटांच्या भरभर चालण्याने चॉकलेटची तलफ कमी झाल्याचेही. येथे एक गोष्ट नमूद करायला हवी की मेनू उघडून ‘नुसते पाहणे’ हा विरंगुळा नव्हे, ती मागवण्याची पहिली पायरी आहे.

वीस मिनिटांचा गजर लावून ‘तोवर मागवणार नाही, त्यानंतर हवे तर मागवीन’ असे स्वतःशी ठरवणे हाही चांगला मार्ग आहे. नकार कायमचा नसल्यामुळे मन बंड करत नाही. आणि वीस मिनिटांनंतरही मागवावेसे वाटले तर मागवावे. स्वतःला दिलेला शब्द मोडला की ही युक्ती पुढच्या वेळी चालत नाही.

पाणी प्यायल्याने तलफ जाते का?

तहान आणि भूक यांत गल्लत होत असेल तर काही प्रमाणात उपयोग होतो, आणि पाणी आणायला उठल्यामुळे मधे थोडा वेळही जातो. याहून जास्त अपेक्षा ठेवू नये.

पार्सल पूर्णपणे बंद करावे की अधूनमधून खावे?

या प्रश्नावर दोन्ही बाजूंनी ठामपणे बोलणारे लोक भेटतात आणि दोघांकडेही थोडे सत्य आहे.

बंदीच्या विरोधातला पुरावा असा. हर्मन आणि मॅक यांच्या १९७५ मधील प्रयोगात सतत डाएट करणाऱ्या आणि न करणाऱ्या व्यक्तींना आधी मिल्कशेक दिला आणि मग हवे तेवढे आइस्क्रीम खाण्यास सांगितले. डाएट न करणाऱ्यांनी मिल्कशेक प्यायल्यावर स्वाभाविकपणे कमी आइस्क्रीम खाल्ले, पण डाएट करणाऱ्यांनी मिल्कशेकनंतर उलट जास्त खाल्ले. नियम एकदा मोडला म्हटल्यावर बांधच फुटला. नियम जितका कडक, तितका तो मोडल्यानंतरचा पूर मोठा.

बंदीच्या बाजूनेही बोलण्यासारखे आहे. एखादा पदार्थ दीर्घकाळ खाल्लाच नाही, तर त्याची ओढ काही काळाने वाढण्याऐवजी कमी होत जाते. दोन वर्षे चाललेल्या एका अभ्यासात कर्बोदके कमी करणाऱ्यांची पिष्टमय पदार्थांची ओढ घटली आणि चरबी कमी करणाऱ्यांची स्निग्ध पदार्थांची. म्हणजे न खाल्ल्याने तलफ अनंत काळ वाढतच जाते, हे खरे नाही.

माझे मत असे आहे की निवड स्वतःच्या स्वभावावरून करावी. ज्यांना अर्धा बर्गर खाऊन उरलेला ठेवून देता येतो, त्यांनी आठवड्यातला किंवा पंधरवड्यातला एक दिवस आधीच ठरवावा, तो मनमुराद उपभोगावा, आणि बाकीच्या दिवशी ‘आज नाही, शनिवारी’ असे स्वतःला सांगावे. ज्यांना एका विशिष्ट पदार्थापुढे अजिबात थांबता येत नाही, त्यांनी तेवढा एकच पदार्थ काही महिने बाजूला ठेवावा आणि बाकी मोकळीक ठेवावी. ज्यांना पूर्वी खाण्याविषयीचा मानसिक आजार झालेला आहे, त्यांनी मात्र कोणतीही बंदी स्वतःच्या मनाने घालू नये.

दोन्ही मार्गांत एक पथ्य समान आहे : पार्सलला बक्षीस करू नये. ‘आठवडाभर शहाण्यासारखे खाल्ले, आता बक्षीस’ असे म्हटले की रोजचे सकस अन्न आपोआप शिक्षेच्या खात्यात जमा होते, आणि शिक्षा संपण्याची वाट तर प्रत्येक जण पाहतो.

मागवायचेच ठरवले, तर काय काळजी घ्यावी?

काय आणि किती मागवायचे ते भूक लागण्यापूर्वी ठरवावे. एक मुख्य पदार्थ मागवावा आणि सोबतचे पेय, तळलेले जोडपदार्थ व ‘थोडे जास्त दिले की मोठा आकार’ हे टाळावे, कारण तलफ मुख्य पदार्थाची असते आणि बाकीचे केवळ मेनू सुचवतो म्हणून येते. सोबतची भाजी, कोशिंबीर किंवा फळे घरची घ्यावीत.

अन्न डब्यातून ताटात काढावे, उरलेला डबा लगेच बंद करून आत ठेवावा, आणि पडद्यासमोर न बसता जेवावे. ज्याची इतकी वाट पाहिली ते दुसरीकडे लक्ष ठेवून खाणे, हा त्या तलफेचाही अपमान आहे. उरलेले अन्न दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये जावे आणि पुन्हा खाताना वाफा येईपर्यंत सगळीकडून गरम करावे.

मिठाचा विचार विशेष करावा. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खाण्याची शिफारस करते, आणि एखादे मोठे पार्सल त्यातला बराचसा वाटा एकटेच घेऊ शकते. दुसऱ्या दिवशी वजनकाटा किलोभर जास्त दाखवू लागला, तर ते बहुतांशी मिठामुळे साठलेले पाणी असते, एका रात्रीत वाढलेली चरबी नव्हे. रक्तदाबाचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी मात्र ‘एकदाच तर आहे’ असे म्हणण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांची मर्यादा विचारून घ्यावी.

तीच चव घरी आणता येते का?

हुबेहूब नाही, आणि तशी अपेक्षा ठेवली तर निराशा होते. फुलकोबीचा पिझ्झा हा फुलकोबीचा पदार्थ म्हणून चांगला लागतो, पिझ्झा म्हणून नव्हे. त्यापेक्षा आपल्याला त्या पदार्थातले नेमके काय हवे आहे, हे शोधावे. कुरकुरीतपणा हवा असेल तर थोडेसे तेल लावून कडक तापलेल्या ओव्हनमध्ये भाजलेले बटाटे किंवा चणे ती गरज भागवतात. तिखट-आंबट चव हवी असेल तर लिंबू, व्हिनेगर, मिरची आणि लसूण यांत कंजुषी करू नये. खमंग, भरीव चव हवी असेल तर टोमॅटो आटवून, कांदा संयमाने परतून किंवा मश्रूम चांगले तांबूस होईपर्यंत भाजून ती मिळते. सकस अन्न बेचव असलेच पाहिजे असा नियम कोणी केलेला नाही, तरीही डाएट सुरू करणारी माणसे पहिल्याच दिवशी मसाल्यांशी वैर का धरतात, हे मला आजवर उमगलेले नाही.

एका रात्री ताबा सुटला. आता आठवडा वाया गेला का?

दिवसातून तीन वेळा जेवणाचे गणित धरले तर आठवड्यात एकवीस जेवणे होतात, आणि त्यांतले एक बिघडले आहे. पुढचे जेवण नेहमीच्या वेळी, नेहमीसारखे घ्यावे. भरपाई म्हणून दुसऱ्या दिवशी उपाशी राहू नये, कारण त्या उपाशीपणातूनच संध्याकाळची पुढची तलफ उगवते. ‘सोमवारपासून नव्याने’ असेही म्हणू नये. बुधवारी घडलेल्या चुकीसाठी गुरुवार ते रविवार बहाल करण्यात काही शहाणपण नाही.

घरातले बाकीचे लोक मागवतात. मी काय करावे?

सगळ्यांवर आपला आहार लादू नये आणि स्वतः दुसऱ्या खोलीत जाऊन सॅलडही चघळू नये. पार्सल येण्यापूर्वी स्वतःचे जेवण उरकणे, किंवा त्यांच्यासोबत बसून थोडेसे ताटात घेणे व बाकी घरचे खाणे, हे दोन्ही मार्ग चालतात. घरच्यांना एवढेच स्पष्ट सांगावे की आग्रह करू नये आणि टोमणेही मारू नयेत. मागवण्याचा दिवस सर्वांनी मिळून ठरवला, तर रोजचा मोह पुष्कळ कमी होतो.

ही ओढ किती दिवसांत कमी होते?

चवीची जुळवणी आणि सवयीची घडण यांना वेगवेगळा वेळ लागतो. मीठ कमी केले की सुरुवातीला अन्न अळणी लागते, पण दोन-तीन महिन्यांत जीभ सरावते आणि पूर्वीचे पार्सल खारट लागू लागते. नवी सवय अंगवळणी पडण्याविषयी लंडनमध्ये झालेल्या, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सरासरी ६६ दिवस लागले, मात्र व्यक्तीनुसार आणि सवयीनुसार हा कालावधी १८ ते २५४ दिवस असा होता. ‘२१ दिवसांत सवय’ या घोषणेवर विसंबून बाविसाव्या दिवशी हताश होऊ नये. ताणाच्या काळात, प्रवासात किंवा मासिक पाळीच्या आधीच्या दिवसांत जुनी तलफ पुन्हा डोके वर काढते, आणि ते अपेक्षितच आहे.

डॉक्टरांचा किंवा तज्ज्ञांचा सल्ला केव्हा घ्यावा?

थोड्या वेळात खूप खाणे, खाताना थांबता न येणे, लपून खाणे आणि नंतर तीव्र लाज वाटणे, हे आठवड्यातून एकदा याप्रमाणे तीन महिने घडत असेल, तर तो उपचार होऊ शकणारा आजार असू शकतो. तीन महिने पूर्ण होण्याची वाट पाहण्याचीही गरज नाही. खाल्ल्यावर मुद्दाम उलटी करणे, रेचके घेणे किंवा दिवसेंदिवस उपाशी राहणे असे काही घडत असेल तर ताबडतोब मदत घ्यावी.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर कमी करणारी औषधे घेणाऱ्या व्यक्तीला अचानक घाम, थरथर आणि अनावर भूक जाणवली, तर तिला तलफ समजून वीस मिनिटांचा गजर लावण्याची चूक कदापि करू नये. शक्य असेल तर लगेच रक्तातील साखर तपासावी, ती ७० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली असेल किंवा तपासणे शक्यच नसेल तर लगेच १५ ग्रॅम साखर, ग्लुकोज किंवा तेवढ्याच साखरेचा फळांचा रस घ्यावा, आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे.